शेळी पाहिलेला साग

मी अजूनही कुणाच्या घरी गेलो की बेल वाजवत नाही. मधलं बोट दुमडतो, दाराच्या चौकटीवर दोनदा ठोकतो आणि कान लावून उभा राहतो. आतून माणसं विचारतात, "कोण आहे?" आणि मी बाहेरून चौकटीला तेच विचारत असतो. बायको म्हणते, हा रोग आहे. असेल. पण ही लागण मामांची आहे, आणि मामांचा रोग लागायलाही नशीब लागतं.

मामा म्हणजे माझे मामा नव्हेत. सोलापुरातल्या एका लाकडाच्या वखारीत मी चौदा वर्षं कारकून होतो आणि ते तिथले मापाडी. शेठपासून हमालापर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही. गाव मंद्रूप. बोलणं मंद्रूपचं, रागावले की कानडी. हमालांची भांडणं ते एकाच शब्दात मिटवत, "साकु!" म्हणजे पुरे. ज्यांना कानडी येत नव्हतं त्यांनाही तो शब्द कळत असे, कारण तो म्हणताना मामांचं पोट आधी पुढे येई आणि शब्द मागून.

त्या पोटाचीच ही गोष्ट आहे. पण पोटाकडे सरळ जाता येत नाही, वळसा घालूनच जावं लागतं.

मामा लाकडावर बोट ठोकून ते कुठलं, किती वयाचं, आतून सरळ की किडकं, हे सांगत. गिऱ्हाइकाच्या घरी गेले की दाराला ठोकत आणि चप्पल काढायच्या आत निकाल देत. एका वकिलांच्या दारात ते म्हणाले, "बर्मा साग हाय. सासऱ्यानं दिलाय." वकील म्हणाले, "कशावरून?" मामा म्हणाले, "खिडक्या बाभळीच्या हायत की. त्या तुमी केल्याव." वकीलबाई आतून इतक्या मोठ्यांदा हसल्या की वकिलांनी आम्हाला चहा न देताच वाटेला लावलं.

आमच्या शेठनी नवा फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला मामा गेले. दार बंद होतं. ठोकलं. शेठ आतून ओरडले, "आलो, आलो!" दार उघडलं तर मामा पाठ फिरवून जिना उतरत होते.

"अहो मामा, कुठे चाललात?"

"ठोकलं की. दारात कुनी न्हाय," मामा म्हणाले. "नुसतं पोकळ हाय. म्हनलं, घरात बी कुनी नसंल."

ते दार दोन पातळ पत्र्यांमध्ये पुठ्ठा भरावा तसं केलेलं, हल्लीचं स्वस्त दार होतं. लाकडाच्या वखारीच्या मालकानं असलं दार लावावं! शेठ दिवसभर ओशाळं हसत होते.

गोल ओंडका मापायची आमच्या धंद्यातली जुनी रीत अशी. ओंडक्याच्या मध्यावर सुतळी गुंडाळायची आणि घेर घ्यायचा. मग त्या सुतळीच्या चार घड्या करायच्या. ती चौथाई म्हणजे ओंडक्याची एक बाजू. बाजू गुणिले बाजू गुणिले लांबी, की झालं माप. मामांनी आयुष्यभर हे केलं, त्यामुळे त्यांना जगात काहीही सलग बघवत नसे. डोसा आला की चौघडी, लग्नपत्रिका आली की चौघडी, वर्तमानपत्र तर ते चौघडी करूनच उघडत आणि जो चौकोन वर येईल तेवढाच वाचत. माणसांनाही त्यांनी तेच माप लावलं होतं. "मानूस घेरावर वळखू नगं," ते मला सांगत. "घेर सालीसकट असतो. चौथाई काढ. उरतं का बघ काय."

सोलापूरच्या आसपास जंगल नाही. माळ आहे, बाभूळ आहे, लिंब आहे. इमारतीचं लाकूड सगळं बाहेरून यायचं. आणि म्हणूनच, मामांचं म्हणणं, देशातल्या लाकडाचं काय चाललंय हे सोलापूरला सगळ्यात आधी कळतं. "जंगलातल्या मानसाला जंगल दिसत न्हाय. आपल्याला दिसतंय. आपून हिरीच्या तळाला हाव. वर झरा आटला की हितं पयलं कळतं."

दर सोमवारी सकाळी, करवत सुरू व्हायच्या आधी, ते लिंबाच्या एका बुंध्यावर चढत आणि देशाची खबर सांगत. आम्ही हातात चहाचे कप घेऊन खाली उभे.

"दांडेली आटली. बल्लारशाचा माल लिलावात तितंच संपतुय. बर्मानं दार लावून घेतलं. आता जे येतंय ते समुद्रावरनं. घानाचा साग, इक्वाडोरचा साग. वीस वर्सांचं पोर! दाढी फुटायच्या आत तोडलं, डब्यात घातलं, पाटवलं. अरं, ज्या सागानं वाघ बघितला न्हाय, त्याला साग म्हनायचं का?"

हे त्यांचं माप होतं. जंगलात वाढलेला तो वाघ पाहिलेला साग. परदेशातल्या बागेत वाढवलेला तो वाघ न पाहिलेला. आणि आपल्याकडे शेतकऱ्यांनी बांधावर लावलेला जो साग हल्ली येऊ लागला होता, त्याच्याबद्दल तर मामांच्या तोंडून एकच वाक्य निघे: "त्यानं निस्ती शेळी बघितली."

एकदा लाकूड-व्यापाराचा अभ्यास करणारे एक प्राध्यापक आले. त्यांच्याकडे छापील आलेख होता. देशातल्या जंगलांतून निघणारं चांगलं कठीण लाकूड कसं घटत गेलं त्याची एक रेघ, डावीकडून उजवीकडे घसरत गेलेली. मामांनी तो कागद घेतला, सवयीनं चौघडी करायला गेले, प्राध्यापकांनी घाईनं काढून घेतला. मग मामांनी त्यांना शेडच्या मागच्या भिंतीकडे नेलं.

तिथे खिळे होते. ओळीनं. प्रत्येक खिळ्याला एक सुतळी लोंबत होती. दर खंडेनवमीला, करवतीची आणि हत्यारांची पूजा झाली की, वर्षभरात वखारीत आलेल्या सगळ्यात जाड ओंडक्याचा घेर मामा सुतळीनं घेत आणि ती सुतळी तेवढी कापून खिळ्याला टांगत. एक वर्ष, एक सुतळी. डावीकडच्या सुतळ्या जमिनीला टेकून वर गुंडाळलेल्या. मग टेकणाऱ्या. मग गुडघ्यापर्यंत. मग त्याहून वर. लांबून पाहिलं तर कुणी तरी दाराचा पडदा तिरका कापून नेल्यासारखं दिसे.

प्राध्यापकांनी आपला कागद भिंतीजवळ धरला. कागदावरची रेघ आणि सुतळ्यांची टोकं सारख्याच उतारानं खाली चालली होती. 

"सर, तुमचं कागदावर हाय, आमचं खिळ्यावर," मामा म्हणाले. "फरक येवढाच, तुमच्या रेघंला हात लावून बगता येत न्हाय."

या सुतळ्यांबाबत त्यांचे नियम कडक होते. माप मध्यावर. साल सोलून. माल त्या वर्षी आलेला हवा. एका वर्षी शहरातली एक जुनी गिरणी पाडली आणि तिच्या तुळया आमच्याकडे आल्या. बर्मा साग, दोन माणसांच्या कवेत न येणारा. आम्हाला वाटलं, यंदाची सुतळी पुन्हा जमिनीला टेकणार. मामांनी त्या तुळयांवरून हात फिरवला आणि मान हलवली. "ही आठवन हाय. माल न्हवं."

आता पोट.

मी वखारीत लागण्याच्या कितीतरी आधी, शेठच्या वडिलांनी एका खंडेनवमीला मामांना सहज विचारलं होतं, "मामा, तुम्ही निवृत्त कधी होणार?" मामा तेव्हा काडीसारखे होते म्हणे. मी विश्वास ठेवत नसे, पण फोटो आहे. त्यांनी नुकतीच ओंडक्याची मापलेली सुतळी स्वतःच्या पोटाभोवती गुंडाळली. तीन वेढे बसले. सगळे हसले. आणि मामा भर पूजेत, करवतीवर हात ठेवून बोलून गेले, "ज्या वर्सी वखारीतला सगळ्यात जाड ओंडका माझ्या पोटाहून बारीक भरंल, त्या वर्सी मी घरी. मापनाऱ्यापरीस माल थोर पायजे. न्हायतर मापण्यात इमान ऱ्हात न्हाय."

तेव्हा ही चेष्टा होती. तीन वेढ्यांची चेष्टा. पण पुढे देशातला साग बारीक होत गेला आणि मामी स्वयंपाकात तरबेज होत गेल्या. शेंगाचटणी, भाकरी, वर तुपाची धार. शिवाय वखारीच्या कोपऱ्यावर भज्यांचा गाडा. एक रेघ खाली येत होती, एक वर जात होती. हे गणित मामांना सोडून सगळ्यांना हसवत होतं आणि मग एके वर्षी कुणालाच हसू येईना. दोन रेघा जवळ आल्या होत्या.

कारण गोष्ट एकट्या मामांची नव्हती. शेठना लाकूड सोडून नुसता प्लायवुडचा धंदा करायचा होता. तो सोपा. येतो तो चौकोनीच येतो, त्याला ना घेर, ना साल. पण वडिलांच्या वेळच्या माणसाला ते काढून टाकणार नव्हते. त्यांनी आम्हाला साफ सांगितलं होतं, "मामा आहेत तोवर करवत. मामा गेले की करवत विकून टाकतो." करवत चालवणारा रफीक हे ऐकून मटकन भुश्शावर बसला होता. त्याला दुसरं काही येत नव्हतं. मलाही येत नव्हतं, पण कारकुनाला ते लपवता येतं.

आणि मामा? घरी बसलेले मामा ही कल्पनाच करवत नव्हती. एकदा त्यांना ताप आला आणि चार दिवस ते घरी राहिले. पाचव्या दिवशी मामी स्वतः त्यांना रिक्षात घालून वखारीत घेऊन आल्या. "ठिवून घ्या ह्यास्नी," त्या मला म्हणाल्या. "समदी पातेली ठोकून झाली. काल कुकर ठोकला आन म्हनले, तळाला लागलाय."

"लागला होता का?"

"लागला हुता," मामी म्हणाल्या. "म्हनून तर जास्त राग आला."

इथे मला एक कबुली द्यायची आहे. पोटाचं माप दरवर्षी मी घेत असे. मामांचे हात वर, सदऱ्याची बटणं उघडी, आणि मी सुतळी घेऊन भोवती फिरणार. ही गोष्ट घडली त्याच्या आधीच्या वर्षी ओंडक्याचा घेर आधी झाला आणि मला दिसलं की हा कमी पडतोय. लाकूड दाबता येत नाही. पोट दाबता येतं. मी सुतळी अशी आवळली की मामांच्या कपाळावर घाम आला. ओंडका दोन बोटांनी जिंकला. टाळ्या झाल्या, रफीकनं पेढे वाटले. खरं तर त्याच वर्षी मामा हरले होते आणि हे फक्त मला माहीत होतं.

म्हणजे मला तसं वाटत होतं.

पुढच्या श्रावणात एका सोमवारी देशाची खबर झाल्यावर मामांनी मला बाजूला घेतलं. "यंदा पोटाचं माप शेठ घेतील."

"का? मी काय केलं?"

"तुजा हात घट्ट हाय."

मी खाली बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीवरच्या शेवटच्या सुतळीकडे बघत होते. "मला कळलं हुतं की रं तवाच. बोलायचं हुतं. बोललो न्हाय." मग इतक्या हळू म्हणाले की मला वाकावं लागलं, "मला बी जायचं नव्हतं. पर वरीसभर त्या सुतळीकडं बगवत न्हाय बग. मापात पाप झालं माज्या हातनं."

चौदा वर्षांत त्या माणसानं दुसऱ्याच्या मापातली एक रेषाही इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. माझ्या चावटपणानं त्यांना वर्षभर ते ओझं वाहायला लावलं. मी जन्मभर लोकांच्या खोड्या काढल्या, पण एवढी ओशाळवाणी खोडी दुसरी नाही.

त्या वर्षी आलेला माल तर फारच बारीक होता. "ह्याच्यापरीस अकलूजचा ऊस जाड," असं मामाच म्हणत. सगळ्यात जाड निघाला तो घानाचा एक ओंडका आणि तोही मामांच्या पोटासमोर शाळकरी पोरासारखा दिसत होता. नवरात्र जवळ येत चाललं. रफीक मला रोज विचारी, "भाई, कुछ सोचे क्या?" आणि मी रोज म्हणे, "सोच रहा हूँ."

आणि मग मामी आल्या. मामा मालधक्क्यावर गेले होते ती वेळ साधून. डबा परत न्यायचं निमित्त होतं, पण डबा त्या विसरूनच गेल्या.

"कुनाला सांगनार न्हाय म्हना."

"नाही सांगणार."

"आईची आन घ्या."

घेतली. मग मामींनी जे सांगितलं ते असं. बत्तीस वर्षांपूर्वी साग लावायची एक लाटच आली होती. साग लावा, म्हातारपणी सोनं काढा, अशा जाहिराती. मामींनाही हौस आली. त्या मामांना म्हणाल्या, माझ्या माहेरी, जेऊरला, भावाच्या विहिरीवर डझनभर रोपं लावू या. मामा हसले. चारचौघांत हसले. "साग म्हंजे कोथिंबीर वाटली व्हय? बांधावर लावायला?" म्हणाले. मामी पंधरा दिवसांनी माहेरी गेल्या आणि बारा रोपं पाटाच्या कडेनं लावून आल्या. बत्तीस वर्षांत नवऱ्याला एक शब्द सांगितला नाही.

"मामांना जेऊरला कधी दिसलं नाही?"

"सासुरवाडीला जेवून झोपत्यात. हिरीवर कुटं जात्यात?"

त्या वर्षी उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्यानं त्यातला एक उन्मळून पडला होता. पाटाच्या तोंडाशी असलेला. जन्मभर पाणी प्यालेला. मामी म्हणाल्या, "जाड हाय. किती ते मला कळत न्हाय. तुमी बगून या."

मी दुसऱ्याच दिवशी जेऊरला उतरलो. मामींच्या भावाच्या विहिरीवर तो पाटावर आडवा पडला होता. माझ्याकडे सुतळी होती, पण मला त्याआधी खात्री करायची होती. मी दर दसऱ्याला सोनं देताना मामांना मिठी मारत असे, त्यामुळे ते माप माझ्या हातांना पाठ होतं. मामांभोवती कव घातली की माझ्या उजव्या हाताचं बोट डाव्या कोपराला नेमकं टेकायचं. मी ओणवा झालो, डोळे मिटले आणि ओंडक्याला कवटाळलं. बोट चाचपडत राहिलं. कोपर सापडेना! मी तसाच, गाल सालीला लावून, आनंदानं पडून राहिलो.

मागून मामींचा भाऊ म्हणाला, "पाव्हनं, रडू नगा. आजून अकरा हायती."

पण साल होती. सोलल्यावर काय उरेल ते देव जाणे. आणि शेतातला असला तरी साग, त्याला वाहतुकीचा पास हवा. अर्ज, सातबारा, पाहणी, मग ओंडक्याच्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का. मी चौदा वर्षं दुसऱ्यांचे पास काढले, पण त्या एका पासाइतक्या चपला कधी झिजवल्या नाहीत. इकडे मामींनी दुसरी आघाडी उघडली. नवरात्रात मामांचे नऊ दिवस उपवास असत आणि उपवासात त्यांचं वजन वाढत असे, कारण साबुदाणा, शेंगदाणे आणि तूप यांना देवीची परवानगी आहे. यंदा मामींनी खिचडी बंद केली आणि भगर सुरू केली. भज्यांच्या गाडेवाल्याला त्या स्वतः भेटून आल्या. त्याला काय बोलल्या माहीत नाही, पण मामा दिसले की तो कढईवर झाकण टाकी.

पास हातात पडला तो अष्टमीला संध्याकाळी.

खंडेनवमीला सकाळी वखार झाडून, धुऊन काढली. करवतीच्या पट्ट्याला झेंडूची माळ, कुऱ्हाडी, रंधे, पटाशा मांडलेल्या, मध्ये मामांचं सुतळीचं भेंडोळं. घानाचा ओंडका अंघोळ घालून पुढे ठेवलेला. बिचाऱ्याला वधस्तंभाकडे आणल्यासारखा दिसत होता. मामा नवा सदरा घालून आले होते. चेहरा कसा? निकाल माहीत असलेल्या माणसाचा. येताना त्यांनी लिंबाच्या त्या बुंध्यावर क्षणभर हात ठेवला, तो मी पाहिला आणि मला दुसरीकडे बघावं लागलं.

पूजा संपत आली. टेम्पोचा पत्ता नाही. मी गुरुजींना म्हटलं, "जरा सावकाश." ते आधीच सावकाश होते. मी नारळ हातातून पाडला. तो घरंगळत करवतीखाली गेला, तो शोधण्यात पाच मिनिटं गेली. आरती झाली.

"चला," मामा म्हणाले.

तेवढ्यात रफीक पुढे झाला. त्याला मी फक्त 'वेळ काढ' एवढंच सांगून ठेवलं होतं. "मामा, एक आरती बाकी है."

"कंची?"

"वो... लंबी वाली."

गुरुजींसकट सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मग शेठनी, ज्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं, घसा खाकरून एक आरती सुरू केली. ती संपली तेव्हा रफीकनं आणखी एक काढली. तिसऱ्या आरतीला मामांनी हात वर केला. "साकु! ज्ये व्हायचं त्ये हू द्या. शेठ, सुतळी घ्या."

आणि फाटकात हॉर्न वाजला.

टेम्पो आत आला. मागे दोरानं बांधलेला ओंडका. पुढच्या सीटवर, भावाच्या शेजारी, हिरवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून, मामी. लग्नाला निघाल्यासारख्या. त्या खाली उतरल्या, पदर सावरला आणि मामांसमोर उभ्या राहिल्या.

"तू हितं कशाला?"

"माल घिऊन आलेय," मामी म्हणाल्या. "उतरवून घ्या. पास हाय."

मामांनी पास चौघडी करून वर आलेला तारखेचा चौकोन तेवढाच बघितला, माल यंदाचाच आहे याची खात्री केली आणि मान डोलावली. नियमात बसत होतं. रफीकनं कुऱ्हाड घेतली आणि मध्यावरची साल गोल सोलून काढली. साल पडत होती आणि मी तिचा एकेक तुकडा उचलून जाडी बघत होतो. ती दिसत होती त्यापेक्षा जाड निघाली. शेठनी सुतळी गुंडाळली, चिमटीत धरली, गाठ मारली. मग मामांनी बटणं उघडली आणि हात वर केले.

शेठ घाबरत सुतळी पोटाभोवती नेऊ लागले.

"ढिली नगं," मामा म्हणाले. "घट्ट बी नगं. लाकडाला धरली तशीच धरा."

कुणी श्वास घेत नव्हतं. हमाल नाही, गुरुजी नाही. शेठनी दोन्ही टोकं जुळवली, खाली वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"एक बोट उरतंय," ते म्हणाले. "ओंडका एक बोट जास्त!"

"थांबा." मामांनी डोळे मिटले आणि छातीभर श्वास घेतला. पोट फुगलं. मी मनात किंचाळलो, अहो, कशाला! "आता बगा."

शेठनी बघितलं. त्यांचा आवाज फाटला. "अजूनही अर्धं बोट, मामा!"

मग जे झालं ते मला नीट सांगता येत नाही, कारण मी भुश्शात बसलो होतो. रफीकनं शेठना उचलल्याचं अंधुक आठवतं. शेठ हसत होते, आणि ज्या माणसाला करवत विकायची होती तो तिच्यावर गुलाल उधळत होता. मामांनी भिंतीकडे जाऊन आधीच्या वर्षीची सुतळी खिळ्यावरून काढली, खिशात घातली आणि तो खिळा रिकामा ठेवला. का ते फक्त मला कळलं. नवी सुतळी त्यांनी पुढच्या खिळ्याला टांगली. कितीतरी वर्षांनी, त्या तिरक्या पडद्याचं एक टोक शेजाऱ्यापेक्षा खाली आलं होतं.

मग ते ओंडक्याजवळ आले आणि बोट दुमडलं. ठोकलं. कान लावला. पुन्हा ठोकलं. आम्ही वाट बघत होतो. मामांना पहिल्यांदाच सांगता येत नव्हतं.

"दांडेली न्हाय," ते पुटपुटले. "बर्मा न्हाय. पान्याचा हाय. लाडात वाढलाय." त्यांनी मान वर केली. "कुटला गं?"

"जेऊरचा," मामी म्हणाल्या. "हिरीवरचा. कोथिंबीर हाय."

मी मामांना पुष्कळ लोकांच्या दारात निकाल देताना पाहिलं होतं. त्यांच्यावर निकाल लागताना त्या दिवशी पाहिलं. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला. मग बत्तीस वर्षं मागे जाऊन आला. मग कान लाल झाले. त्यांनी हळूच ओंडक्यावर तळवा ठेवला.

"म्हंजे ह्यानं निस्ती शेळी बघितली."

"व्हय."

"बरी बघितली," मामा म्हणाले. आणि मग लाजून, खाली बघत, "आजून किती हायत?"

"अकरा." मामींनी पुढे होऊन त्यांच्या सदऱ्याची उघडी बटणं लावायला घेतली. पोटावरचं शेवटचं बटण लागेना, तेव्हा दोन्ही हातांनी ओढून लावलं. "बारीक हायत. पर ते वाडतील. तुमी वाडू नगा."